स्वतःच्याच सैनिकांना नको असलेला देश: गोव्यातल्या पोर्तुगीज युद्धकैद्यांच्या सुटकेचं प्रकरण, १९६१–६२

१९ डिसेंबर १९६१ रोजी रात्री साडेआठ वाजता वास्कोमध्ये गव्हर्नर जनरल मानुएल अन्तोनियु वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि गोव्यातली ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. ही तारीख गोव्यात आणि महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच सहीने आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. सुमारे ३,३०० पोर्तुगीज सैनिक आणि अधिकारी भारताचे युद्धकैदी झाले. लढाई दोन दिवसांत आटोपली होती. या माणसांना मायदेशी पोचायला मात्र पाच महिने लागले.

जिंकलेला देश कैद्यांना अडकवून ठेवतो आणि त्यांच्या बदल्यात काहीतरी वसूल करू पाहतो, हे आपल्या ओळखीचं चित्र आहे. गोव्याचं प्रकरण त्याच्या उलट होतं. भारताला हे कैदी नको होते. त्यांना पोसणं, त्यांच्यावर पहारा ठेवणं, जगापुढे त्यांची जबाबदारी घेणं, यात नव्या प्रशासनाचा काहीच फायदा नव्हता. अडचण लिस्बनमध्ये होती. तिथे आन्तोनियु सालाझार यांची राजवट होती आणि तिच्या लेखी हे सैनिक जिवंत असणं हीच एक चूक होती. कैद्यांची सुटका म्हटलं की आपण पकडणाऱ्याची मर्जी कशी वळवायची एवढाच विचार करतो. ज्याची माणसं पकडली गेली आहेत, त्याला ती परत घ्यायला कसं तयार करायचं, हा प्रश्न कितीदा तरी जास्त अवघड असतो. हे प्रकरण अभ्यासावं असं मला वाटतं ते त्यासाठी.

मरा किंवा जिंका

हल्ल्याच्या काही दिवस आधी, १४ डिसेंबरला, सालाझार यांनी गव्हर्नरला एक संदेश पाठवला. आशय असा होता: तह होऊ शकत नाही, पोर्तुगीज युद्धकैदी असू शकत नाहीत, आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील किंवा मृत. निदान आठ दिवस तग धरा, तेवढ्यात आंतरराष्ट्रीय दबाव उभा करू, असाही हिशेब त्यामागे होता.

आठ दिवस तग धरायचा तो कशाच्या जोरावर? समोर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन, ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड, समुद्रात नौदल, आणि पुणे व बेळगावच्या तळांवरून येणारी विमानं होती. संपूर्ण मोहिमेची सूत्रं पुण्याच्या दक्षिण कमांडकडे, लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती होती. पोर्तुगीजांकडे लढाऊ विमान एकही नव्हतं. ‘आफोन्सु द आल्बुकेर्क’ ही एकच मोठी युद्धनौका मुरगाव बंदरात होती. तिने भारतीय फ्रिगेटींशी गाठ घेतली, मार खाल्ला आणि किनाऱ्याला लागली. तिचे कप्तान गंभीर जखमी झाले. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय जहाजांचे कमांडर नंतर पणजीत त्यांच्या खाटेजवळ त्यांची विचारपूस करायला गेले.

वासालो ई सिल्वा यांनी लिस्बनचे हुकूम आधीच थोडेथोडे मोडायला सुरुवात केली होती. ‘इंडिया’ नावाचं प्रवासी जहाज डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुरगावला लागलं तेव्हा कुणालाही चढू देऊ नका, असा आदेश होता. त्यांनी सुमारे ७०० युरोपीय नागरिकांना त्यावर चढू दिलं. जहाजाची प्रवासी-क्षमता ३८० ची होती. हा माणूस लढाईच्या आधीच माणसं वाचवायच्या मनःस्थितीत होता, हे यावरून कळतं. शरणागती हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता. पूल उडवून, मागे सरकत, शेवटी मुरगावच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकल्यावर त्यांनी सही केली. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे सुमारे ३० जण या लढाईत गेले. हुकूम तंतोतंत पाळला असता तर पोर्तुगीज मृतांचा आकडा हजारांत गेला असता, आणि त्यांच्यासोबत वास्को आणि मुरगावातले किती गोवेकर गेले असते याची कल्पनाही करवत नाही.

कागदावर कैदी, पण कुणाचे?

कायद्याची बाजू इथे फार रोचक आहे. घाई न करता ती समजून घ्यायला हवी.

भारताची अधिकृत भूमिका अशी होती की गोवा हा भारताचाच भूभाग, पोर्तुगालचा ताबा बेकायदा वसाहतवादी, तेव्हा आपल्याच जमिनीवर आपण आक्रमण कसं करणार? १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी हाच युक्तिवाद मांडला. भारताने सैन्य मागे घ्यावं अशा आशयाच्या ठरावाच्या बाजूने सात मतं पडली, विरोधात चार. त्यातलं एक सोव्हिएत संघाचं असल्यामुळे ठराव नकाराधिकाराने पडला. सालाझार यांची भूमिका दुसऱ्या टोकाची होती: गोवा पोर्तुगालचा प्रांत आहे, तो गेलेलाच नाही, फक्त परक्यांच्या ताब्यात आहे. तिकडच्या संसदेत गोव्याच्या जागा पुढेही राखून ठेवल्या गेल्या.

आता या दोन्ही भूमिका तर्काच्या टोकापर्यंत नेऊन पाहा. आपल्याच भूमीवरची कारवाई म्हटली की समोरचे ‘युद्धकैदी’ ठरतात का, असा प्रश्न उभा राहू शकतो. शरणागती झालीच नाही म्हटलं तर कैदीही नाहीत. दोन्ही बाजूंच्या अभिमानाच्या मध्ये ही ३,३०० माणसं कायद्याविना लटकली असती. तसं झालं नाही, कारण १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं दुसरं कलम. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू होतो, मग एखाद्या पक्षाला ते युद्ध मान्य असो वा नसो, असं ते सांगतं. भारताने हा करार १९५० मध्येच स्वीकारला होता. पोर्तुगालने मार्च १९६१ मध्ये, म्हणजे गोवा हातचा जायच्या जेमतेम नऊ महिने आधी. सालाझार यांच्या सरकारने ज्या वर्षी या करारावर मोहोर उमटवली, त्याच वर्षी आपल्या सैनिकांना कैदी होण्याची मनाई केली.

भारताने पकडलेल्यांना युद्धकैदी म्हणून वागवायचं ठरवलं. सार्वभौमत्वाचा दावा एका बाजूला आणि माणसांचा दर्जा दुसऱ्या बाजूला, अशी ही फारकत होती. दिल्लीने ती केली, आणि माझ्या मते या प्रकरणातला भारताचा सर्वात शहाणा निर्णय हाच. पुढची सगळी वाटाघाट त्याच पायावर उभी राहू शकली.

छावणीतले महिने

बायकामुलं आणि इतर बिगरलष्करी पोर्तुगीजांना भारताने डिसेंबर संपायच्या आतच मुंबईला नेलं आणि तिथून मायदेशी जाऊ दिलं. गव्हर्नरांच्या पत्नीही त्यांत होत्या. स्वतः गव्हर्नर आपल्या माणसांबरोबर गोव्यातच कैदेत राहिले.

सैनिकांना सुरुवातीला त्यांच्याच जुन्या लष्करी ठाण्यांत ठेवलं गेलं. आग्वाद, नावेली, फोंडा, वास्कोजवळचं आल्पारकेरोस. हे पहिले आठवडे वाईट होते. सिमेंटच्या जमिनीवर झोपणं आणि अंगमेहनतीची कामं, असं पोर्तुगीज सैनिकांच्या आठवणींत येतं. जानेवारी १९६२ पर्यंत बहुतेकांना फोंड्याच्या नव्या छावणीत हलवलं आणि तिथली परिस्थिती बरीच सुधारली. अचानक हजारो माणसं ताब्यात आली की पहिले दिवस गोंधळाचे जातात हे खरं. पण करारात यालाही सूट नाही. कैद्यांची निवासव्यवस्था त्याच भागात राहणाऱ्या आपल्या सैनिकांच्या तोडीची असावी, असं त्यातलं पंचविसावं कलम म्हणतं. आपली बाजू न्यायाची होती म्हणून हे विसरून चालत नाही.

१९ मार्च १९६२ ची घटना तर आपण नीट पाहिलीच पाहिजे. फोंड्याच्या छावणीतून काही कैद्यांनी कचऱ्याच्या ट्रकमधून पळून जायचा प्रयत्न केला. तो फसला. त्यानंतर छावणीत जो ताण निर्माण झाला त्याच्या हकिकती पुढे जनरलपदापर्यंत पोचलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी सांगितल्या आहेत. पळणाऱ्यांच्या वरिष्ठांना कोर्ट मार्शलची, थेट मृत्युदंडाची धमकी दिली गेली. कैद्यांबरोबर असलेल्या येशूसंघीय लष्करी धर्मगुरूने मध्ये पडून प्रसंग निभावला. त्याच सुमारास कार्लुश आझेरेदु या कॅप्टनला, त्याने छावणीतल्या भारतीय अधिकाऱ्याला उर्मट उत्तर दिलं म्हणून, बंदुकीच्या दस्त्यांनी बेशुद्ध होईपर्यंत मारलं गेलं.

कायदा काय सांगतो? पळून जाण्याचा प्रयत्न हा कैद्याचा गुन्हा धरला जात नाही. बेत फसला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि तीही तीस दिवसांपेक्षा जास्त नाही. मृत्युदंडाची भाषा पूर्णपणे बेकायदा होती. मारहाण तर उघड गुन्हाच. यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की मारहाणीचा हुकूम देणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यावर भारतीय लष्कराने पुढे जिनिव्हा कराराच्या उल्लंघनासाठी कारवाई केली. त्या कारवाईने मार बसलेल्याचा मार पुसला जात नाही. तरी वाटाघाट चालू असताना आपल्या चुकीवर पांघरूण न घालणं याला वजन असतं. समोरचं सरकार कैद्यांच्या हालांचं भांडवल करायला टपलेलं असताना तर फारच.

विमान कुणाचं?

कराराचं ११८ वं कलम स्पष्ट आहे: प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचं. दोन्ही देशांत तसा काही समझोता नसेल तर कैद्यांना ताब्यात ठेवणाऱ्या देशाने स्वतःच योजना आखून ती अमलात आणायची. खर्चाच्या वादामुळे उशीर करता येणार नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. लढाई १९ डिसेंबरला थांबली होती. मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल हे महिने कशात गेले?

पहिली अडचण, बोलायचं कुणामार्फत? भारताने लिस्बनमधलं आपलं दूतकार्यालय १९५३ मध्ये बंद केलं होतं. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या महिन्यात उरलासुरला राजनैतिक संबंधही तुटला. भारतात पोर्तुगालचे हितसंबंध ब्राझील सांभाळत होता. म्हणजे प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर तिसऱ्याच्या हातून फिरून येणार. अशा बोलण्यात एका शब्दाचा खुलासा मागायलाही दिवस जातात.

दुसरी आणि खरी अडचण वाहतुकीची. पोर्तुगालचा आग्रह होता की आपले सैनिक आपल्याच विमानांतून परत येतील. भारताचं म्हणणं होतं की विमानं भारतीय असतील, नाहीतर तटस्थ देशाची. वरवर पाहता हा हट्टाचा प्रश्न वाटतो. मला तो तसा वाटत नाही. पोर्तुगीज विमान गोव्यात उतरू देणं म्हणजे ज्या सत्तेला नुकतंच घालवलं तिची निशाणी पुन्हा त्याच धावपट्टीवर आणणं; आणि तीही अशा सरकारची, जे गोवा अजून आपलाच म्हणत होतं. उलट बाजूने, आपले सैनिक भारतीय विमानातून उतरले तर लिस्बनला जिंकलेल्याच्या मेहेरबानीवर ते परतले असं दिसलं असतं. शरणागती झाली हे मान्य करण्याचाच तो एक प्रकार झाला असता. विमानाच्या शेपटीवरच्या रंगांत दोन्ही देशांचा गोव्यावरचा दावा सामावला होता. म्हणून कुणी मागे हटेना.

आणि सालाझार यांना घाई तरी कुठे होती? १९६१ हे साल त्यांच्यासाठी आधीच हादऱ्यांचं गेलं होतं. जानेवारीत ‘सान्ता मारिया’ या प्रवासी जहाजाचं अपहरण, मग अंगोलात उठाव आणि युद्धाची सुरुवात, एप्रिलमध्ये त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांचा त्यांना हटवण्याचा प्रयत्न, डिसेंबरमध्ये गोवा, आणि १ जानेवारी १९६२ ला बेझाच्या लष्करी ठाण्यातलं बंड. आफ्रिकेत हजारो तरुणांना लढायला पाठवायचं असताना गोव्यात शस्त्रं खाली ठेवणारे सैनिक घरोघरी परतणं त्यांना परवडणारं नव्हतं. शरण जाऊनही माणूस जगतो, घरी येतो, हा निरोप अंगोलातल्या सैनिकांपर्यंत जायला नको होता. कैद्यांची आई-वडील, बायका, मुलं पोर्तुगालमध्ये वाट पाहत होती. त्यांच्या वाट पाहण्याला त्या राजवटीत आवाज नव्हता. वृत्तपत्रांवर नियंत्रण होतं, निवडणुका नावापुरत्या होत्या. लोकशाही देशात कैद्यांचे नातेवाईक सरकारला रात्री झोपू देत नाहीत, आणि सुटकेच्या वाटाघाटी बहुतेक वेळा याच रेट्यावर पुढे सरकतात. इथे तो रेटाच गायब होता.

मोझांबिकमधले भारतीय

त्यातच सालाझार यांच्या सरकारने मोझांबिकमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना पकडून छावण्यांत डांबलं. संख्या हजारापेक्षा जास्त होती. यातले बरेचसे गुजराती व्यापारी, दुकानदार, पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उदीम करणारे. गोव्यातल्या लष्करी कारवाईशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पोर्तुगीज युद्धकैद्यांच्या बदल्यात वापरता यावेत म्हणून त्यांना धरलं, हे उघड होतं.

या चालीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आजही अनेक संघर्षांत ती खेळली जाते. सैनिक आणि दुकानदार यांना एकाच तराजूत टाकलं की दोघांचंही नुकसान होतं. सैनिकाला कायद्याने विनाअट परत जायचा हक्क आहे. तो आता सौद्याचा अर्धा भाग बनतो. दुकानदाराला तर मुळात पकडायलाच नको होतं. भारतापुढे पेच होता. या माणसांसाठी काही देऊ केलं तर ओलीस धरणं फायद्याचं ठरतं. दुर्लक्ष केलं तर ती माणसं तिथे सडतात. शिवाय पोर्तुगीज कैद्यांना अडवून ठेवून दबाव आणायचा म्हटलं तर ११८ वं कलम भारताच्याच विरोधात जातं.

शेवटी दोन्ही गुंते एकत्रच सुटत गेले. युद्धकैद्यांचा मार्ग मोकळा झाला तसे मोझांबिकमधले स्थानबद्ध भारतीयही सुटले. पण सुटका म्हणजे पूर्ववत आयुष्य नव्हे. त्यांच्यातल्या बहुतेकांना तो देश सोडावा लागला आणि उभ्या आयुष्याची कमाई तिथेच राहिली. गोवामुक्तीची किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत या कुटुंबांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

कराचीचा तोडगा

मे १९६२ मध्ये कोंडी फुटली. ठरलं ते असं: गोव्यातून कराचीपर्यंत भाड्याच्या फ्रेंच विमानांनी, आणि कराचीहून लिस्बनपर्यंत पोर्तुगीज जहाजांनी.

हा आराखडा कुणा एकाच्या डोक्यातून आला की घासाघीस करता करता तयार झाला, ते महत्त्वाचं नाही. त्याची रचना पाहा. गोव्याच्या भूमीवर पोर्तुगीज विमान उतरलं नाही, म्हणजे भारताची अट राहिली. लिस्बनच्या बंदरात सैनिक उतरले ते पोर्तुगीज जहाजांतून, म्हणजे पोर्तुगालचीही राहिली. दोन अटी एकमेकींना छेदणार होत्या त्या ठिकाणी तिसऱ्या देशाची जमीन आणि चौथ्या देशाची विमानं आणून ठेवली.

कराचीची निवड सहज सुचण्यासारखी होती. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये आपली एक छोटी विमानसेवा उभी केली होती आणि तिचं कराचीशी येणं-जाणं होतं. पाकिस्तान आणि पोर्तुगाल यांचे संबंध चांगले होते. कराचीत गोवेकरांची जुनी वस्ती होती. भारताच्या दृष्टीने पाकिस्तान हा तटस्थ म्हणावा असा देश मुळीच नव्हता, तरी दिल्लीने कराचीला हरकत घेतली नाही. विमानांचा रंग भारतासाठी तत्त्वाचा होता, उतरण्याचं ठिकाण नव्हतं. कशावर अडायचं आणि कशावर सोडायचं हा फरक ज्यांना करता येतो, त्यांच्याच वाटाघाटी शेवटाला जातात.

‘वेरा क्रूझ’, ‘पात्रिया’ आणि ‘मोसांबिक’ या तीन जहाजांनी कैद्यांना नेलं.

घरी पोचल्यावर

तेजू नदीच्या मुखाशी जहाजं लागली तेव्हा सैनिकांचे नातेवाईक धक्क्यावर होते. पण त्यांना भेटू दिलं गेलं नाही. परतलेल्यांना लष्करी पोलिसांनी बंदुकीच्या धाकात ताब्यात घेतलं आणि चौकशीला नेलं. भारताच्या कैदेतून सुटून ते आपल्या देशाच्या कैदेत गेले.

२२ मार्च १९६३ ला मंत्रिमंडळाने निर्णय दिला. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा, लष्करी प्रमुख, त्यांचे मुख्य सहायक, नौदलाचा एक कप्तान, सहा मेजर, अगदी एक सार्जंटसुद्धा, भ्याडपणाचा ठपका ठेवून सेवेतून बडतर्फ. आणखी काही अधिकारी सहा महिन्यांसाठी निलंबित. हजारो माणसांचे जीव वाचवणारी सही लिस्बनच्या दप्तरात भ्याडपणा म्हणून नोंदली गेली.

वासालो ई सिल्वा यांचा मान त्यांना परत मिळाला तो २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ती राजवट उलथल्यावर. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७४ ला, नवी दिल्लीत पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश होते, भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. गोवा मुक्त झाला तेव्हा चव्हाण शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९८० मध्ये वासालो ई सिल्वा गोव्यात पाहुणे म्हणून आले आणि लोकांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं.

मान्यतेचं कुलूप

हे प्रकरण वाचताना मला सतत १९७१ ते १९७४ या काळाची आठवण होत राहते. ढाक्यातल्या शरणागतीनंतर सुमारे ९३,००० माणसं भारताच्या ताब्यात आली, आणि तिथेही परतपाठवणी मान्यतेच्या प्रश्नावर अडली. पाकिस्तान बांगलादेशाला मान्यता देईना, आणि ज्यांच्या संयुक्त सैन्यापुढे शरणागती झाली होती त्या बांगलादेशाला वगळून भारत सगळा निर्णय घेऊ शकेना. शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये परतले. दोन्ही वेळा कायदा स्पष्ट होता, दोन्ही वेळा भारताला कैदी ठेवण्यात रस नव्हता, आणि दोन्ही वेळा हरलेल्या राजवटीला आपला पराभव कागदावर येऊ द्यायचा नव्हता. जिनिव्हा करार पकडणाऱ्या देशाला बांधतो. आपल्याच सैनिकांना परत घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या देशाचं काय करायचं, याबद्दल त्याच्याकडे फारसं उत्तर नाही. गोव्यात ते उत्तर मुत्सद्द्यांनी शोधलं: हरलेल्याला मान्यता द्यायला लावायची नाही, मान्यतेचा प्रश्नच उद्भवणार नाही असा रस्ता काढायचा. तो काढायला पाच महिने लागले हे जास्तच आहे. मेमध्ये चाललेला तोडगा जानेवारीतही चालला असता.

यादीत नसलेले

मे १९६२ मध्ये शेवटचे पोर्तुगीज सैनिक कराचीकडे निघाले, तेव्हा मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. सांगलीकडचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, सशस्त्र लढ्यात उतरला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि २६ वर्षांची शिक्षा भोगायला त्याला पोर्तुगालला नेलं गेलं. गोव्याचे कवी आणि स्वातंत्र्यसैनिक तेलु माश्कारेन्यश हेही तिथेच होते. ज्या भूमीसाठी ते लढले ती मुक्त झाली आणि ते मात्र तुरुंगातच राहिले.

लिस्बनच्या लेखी ते युद्धकैदी नव्हते, न्यायालयाने शिक्षा दिलेले गुन्हेगार होते. त्यामुळे ११८ वं कलम त्यांना लागू होत नव्हतं. हजारो सैनिकांची आणि मोझांबिकमधल्या स्थानबद्धांची देवघेव झाली, त्यात ही नावं नव्हती. पकडलेल्यांच्या दर्जावर सगळं उभं असतं, आणि ज्यांचा दर्जा वादग्रस्त ठरतो ते मागे राहतात, हे या प्रकरणाचं मला सर्वात टोचणारं अंग आहे. सैनिकांना कायद्याचं छत्र होतं. रानड्यांच्या पाठीशी फक्त लोक होते.

आणि लोक थांबले नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी राहिली, संगीतकार सुधीर फडके तिच्यासाठी वर्षानुवर्षं झटले. मद्रासचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांची भेट घेतली तेव्हा स्वतःसाठी काही न मागता रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकावा, अशी विनंती केली. कॅथलिक पोर्तुगालमध्ये त्या शब्दाला किंमत होती. जानेवारी १९६९ मध्ये, पकडले गेल्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळाने, मोहन रानडे सुटले. माश्कारेन्यश यांना त्यानंतरही १९७० पर्यंत थांबावं लागलं.